बाराव्या घराची भिंत

"त्या भिंतीला मी बोटबी लावलं न्हाई," असं म्हणत रविराजने खुर्ची ओढली, आणि कुणी बसा म्हणायच्या आत तो बसलाही.

बद्रीनाथला तो माणूस तिथल्या तिथे नावडला. सिरसाळ्याजवळ वीटभट्टी, पाण्याचे टँकर, मनगटात जाडजूड कडं आणि समोरच्याकडे न बघता बोलायची सवय. बद्रीनाथ हा विजयमाला तिडके यांचा चुलत दीर. त्याची टायपिंगची संस्था बसली, तेव्हापासून तो वहिनींची जीप चालवायचा, त्यांची टिपणं काढायचा आणि त्यांची बोलणी खायचा. विजयमालाबाईंनी अर्धं आयुष्य विमा कंपनीत काढलं होतं. पडलेली घरं आणि जळालेली दुकानं बघून कोण खरं रडतंय आणि कोण खोटं, हे सांगायचं त्यांचं काम. आता बीडमध्ये भांड्यांच्या दुकानावरच्या माडीत बसून त्या तेच काम स्वतःच्या नावावर करत होत्या.

"कुठली भिंत?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या जिल्ह्याला म्हाईत हाय. तुमालाच न्हाई व्हय?"

"मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. आणि तो पाय टेबलाच्या दांडीवरून खाली घ्या."

रविराजने पाय खाली घेतला, पण असा की जणू उपकारच केले.

हकिगत अशी होती. सिरसाळ्याच्या अलीकडे एका माळावर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी बारा घरं बांधली जात होती. भाजलेली वीट न वापरता, मातीची, यंत्रात दाबलेली वीट वापरून. बाजाराच्या दिवशी माळावर चिटपाखरू नसताना बाराव्या घराची भिंत बसली आणि वरचा स्लॅब खाली आला. आत सावलीला झोपलेला राखणदार सटवा जागच्या जागी गेला. त्याच सकाळी रविराजचा टँकर तिथे उभा असलेला लोकांनी पाहिला होता.

"पोलीस म्हणत्यात, म्या भिंतीच्या पायात पाणी सोडलं. सोमवारपातूर जामीन हाय. सोमवारी आत टाकतेल."

"लोकांना तुमचंच नाव कसं सुचलं?"

"ग्रामसभेत बोललो होतो." रविराज पहिल्यांदाच जरा अडखळला. "म्हनलं, ही ढेकळं हायेत, इरघळतील. न्हाई इरघळली तर मी इरघळवतो."

"वा. आणि दुश्मनाच्या दारात टँकर कशाला?"

"दुश्मनी येगळी, धंदा येगळा. तिथली बोअर कोरडी हाय. त्यांचा हौद माझाच टँकर भरतो. डायवरनं हौदात पाणी सोडलं अन् निघून आला. बास. आता तुमी माझी बाजू मांडायची."

"मी कुणाची बाजू मांडत नाही. भिंत का पडली ते सांगते, आणि सगळ्यांसमोर सांगते. तुम्ही पाडली असेल तर तेही त्याच आवाजात सांगेन. चालत असेल तर बसा, नाहीतर जिना तिकडे आहे."

रविराज बसून राहिला. त्याच्या कपाळावर घाम होता, आणि तो उन्हाचा नव्हता.

तो गेल्यावर बद्रीनाथ म्हणाला, "वहिनी, हाच आहे. तोंडावर लिहिलंय त्याच्या."

"तोंडावरचं वाचून निकाल लागत असते भावजी, तर तुमचं लग्न जमलं नसतं. जीप काढा."

*

जीप माळावर चढली तशी कुणीतरी भिरकावलेलं ढेकूळ टपावर आदळलं. हौदाजवळच्या बायांनी पाठ फिरवली. "रविराजची माणसं आली," एक जण मोठ्याने म्हणाली, ऐकू जावं म्हणूनच. दुपारचं ऊन मी म्हणत होतं आणि पाण्याचा तांब्या कुणी पुढे केला नाही. मराठवाड्यात याच्यापेक्षा मोठी शिवी नाही, हे बद्रीनाथला ठाऊक होतं.

घरांचा आराखडा करणारी सुकन्या हाताची घडी घालून उभी होती. माजलगावची मुलगी, पुण्याला वास्तुरचना शिकून परत आलेली. डोळे सुजलेले, आवाज मात्र धारदार.

"त्याने माणूस मारलाय, आणि तुम्ही त्याची वकिली करायला आलात?"

"वकिली नाही, चौकशी. ही मातीची घरं कशासाठी, ते मला आधी सांगा. मला यातलं काही कळत नाही."

मला कळत नाही, असं वहिनी म्हणाल्या की समोरचा माणूस भरभरून बोलतो, हे बद्रीनाथने शंभरदा पाहिलं होतं. सुकन्याही बोलली.

"घर बांधताना किती धूर हवेत जातो, कधी विचार केलाय? भाजलेली वीट म्हणजे भट्टीतला कोळसा. सिमेंट आणि लोखंड म्हणजे कारखान्याचा धूर. मग ट्रकचं डिझेल. पुढे पन्नास वर्षं त्या तापणाऱ्या घरात पंखे, कूलर. आणि शेवटी ते पाडून टाकायचं, तेही यंत्राने. जन्मापासून मोडेपर्यंतची ही सगळी बेरीज. आम्हाला पैसे देणाऱ्या संस्थेने त्या बेरजेला एक मर्यादा घातलीय. एका जरी घराचा आकडा मर्यादेच्या वर गेला, तरी सगळ्यांचा निधी बंद."

"आणि तुमची वीट?"

"माती, औष्णिक वीज केंद्राची राख आणि चुना. भट्टीच नाही. चुना तेवढा भाजूनच तयार होतो, तो आकड्यात जड जातो, म्हणून अगदी मापात. खडी आणि पायाचा दगड पहिल्या घरापासून इथल्याच खाणीचा. बाकीच्या अकरा घरांवर बांबू आणि कौलं, तिथे माणसं राहायलाही आलीत."

"बाराव्यावर स्लॅब कसा?"

सुकन्याच्या कपाळाला आठी पडली. "ते घर गीताबाईंचं. हा माळ त्यांचा. जमीन दिली, पण अट घातली, मला स्लॅबच पाहिजे. नाही म्हटलं असतं तर अकरा घरांची जागा गेली असती. मी तर आशा सोडली होती. पण रामेश्वरने तोही आकडा बसवला. रामेश्वर म्हणजे आमचा साइट इंजिनिअर. त्याला म्हटलं, कसाही बसव. त्याने बसवला."

विजयमालाबाईंनी मान हलवली आणि त्या ढिगाऱ्याकडे वळल्या.

बद्रीनाथ मागोमाग निघाला आणि तिसऱ्याच पावलाला घसरला. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला लेंड्यांचा सडा होता. सटवाच्या शेळ्या तिथेच बांधलेल्या असायच्या. लेंड्या वाळून वाटाण्यासारख्या टणक झालेल्या आणि चपलेखाली गरगर फिरणाऱ्या.

"वहिनी, इथून येऊ नका, पडाल."

"पडलेली भिंत बघायला आलोय, पडलेले भावजी नाही. काय आहे तिथे?"

"लेंड्या. दुसरं काय असणार."

"ओल्या की वाळक्या?"

"वाळक्या. खडखडीत."

त्या खाली वाकल्या, पायाच्या कडेकडेने चालत गेल्या, मग स्लॅबकडे आल्या. स्लॅबचा एक अख्खा तुकडा तिरका टेकला होता. त्याच्या वरच्या अंगावर मातीचे बांध अजून चिकटलेले दिसत होते, वाफे पाडावेत तसे. कोपऱ्यात विजेच्या तारांची नळी तुटून बाहेर आली होती. विजयमालाबाईंनी तिच्यात करंगळी घातली आणि बाहेर काढून बघितली. मग ढिगातली एक वीट उचलली. ती त्यांच्या हातातच दुभंगली. त्यांनी पदराला हात पुसला.

*

आश्रुबा मिस्त्री केस पांढरे झालेला गवंडी. बोलावल्यावर तो आला, पण उभ्या-उभ्याच बोलला.

"मला काय इचारता? माझ्या हातचं एक घर पडल्यालं दाखवा जिल्ह्यात."

"स्लॅबवर ते बांध कशाचे?"

"पाण्याचे. स्लॅब टाकला की आळी बांधून पाणी भरून ठिवावंच लागतं, न्हाईतर भेगा पडत्यात. सगळेच ठिवत्यात. कोपऱ्यातनं जरासं झिरपत हुतं नळीतनं. झिरपतच असतंय. भाजल्या इटंची भिंत पाणी पिती अन् गप ऱ्हाती."

"आणि खालचे टेकू?"

"आदल्या दिवशीच काढले सेंट्रिंगचे. मुदत भरलती." आश्रुबाने मान खाली घातली. "मीच सटवाला म्हनलो, आत गार हाय, आत झोपत जा."

"अजून किती काम राहिलंय माळावर?"

"हेच शेवटचं घर. वीट पाडायचं यंत्रबी बांधून ठिवलंय."

गीताबाईंना भेटायला त्यांच्या वाड्याच्या ओसरीवर जावं लागलं, कारण त्या कुणाकडे जात नसत. माजी सरपंच, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. शेजारी त्यांचा मुलगा शिवशंकर मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला.

"स्लॅबचा हट्ट तुमचा होता?"

"मग? ह्या वाड्यावानी वर कौलं अन् भिंती मातीच्या असल्यावर माझ्या शिवशंकरला पोरगी कोन देनार? दोन ठिकाणची माणसं येऊन घर बघून गेली. चहाबी पुरा पिले न्हाईत. ती सुकन्या पुण्यावनं शिकून आली अन् आमाला मातीत ऱ्हायला शिकवती. तिच्या बापाचं घर जाऊन बघा माजलगावला, दोन मजली स्लॅबचं हाय!"

बद्रीनाथला हसू आलं, ते त्याने खोकल्यात जिरवलं. बाई बोलली ते अगदीच खोटं नव्हतं.

"रविराज तुमचा कोण?"

"कुनी न्हाई. भाजल्या इटा घे म्हनून मागं लागलता. म्या हाकलून दिला. त्याला फाशी द्या, न्हाईतर सोडा, पर माझं घर मला परत बांधून पायजे. स्लॅबचंच."

माणूस गेल्याबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बद्रीनाथला ओसरीवरून उठताना अंग धुवावंसं वाटलं.

रामेश्वर मात्र अदबीने वागला. सावलीत खुर्च्या मांडल्या, आणि माळावर पहिलं पाणी त्यानेच दिलं. तिशीतला, हडकुळा, डोळ्यांखाली काळं.

"मॅडम, रविराजशिवाय कुणाचं नाव घेण्यात अर्थ नाही. आमची वीट पाण्यात टाका, काही होत नाही."

"मग त्याने पाणी सोडल्यावर काय झालं?"

"भरपूर सोडलं असणार. पायातली माती वाहून गेली."

"बरं. स्लॅबमुळे आकडा वाढला, तो कुठे भरून काढलात?"

"वाहतुकीत," तो पटकन म्हणाला. "खडी जवळच्या खाणीतून आणली. डिझेल वाचलं."

विजयमालाबाईंनी गोदाम बघायला मागितलं. रामेश्वरने खिशातून किल्ली काढली. "चुन्याला ओल लागली की तो मरतो. म्हणून किल्ली माझ्याचकडे असते."

आत चुन्याची पोती पार पत्र्यापर्यंत रचलेली होती. बद्रीनाथ त्यांना टेकला आणि त्याची नवी काळी पँट पांढरी झाली.

"झटका, झटका," वहिनी म्हणाल्या. "घरी जाऊबाई मला बोलतील."

*

सटवाची बायको भिवराबाई शेळ्यांच्या वाड्यासमोर बसली होती. ती वीट पाडायच्या यंत्रावर कामाला होती. तिने दोघांना येताना पाहिलं, पण ती उठली नाही.

"कावून आलाव? त्या रविराजला सोडवायला?"

"सटवा कशाने गेले ते शोधायला, मावशी."

"शोधून तो उठनार हाय व्हय?"

विजयमालाबाई तिच्यासमोर मातीतच बसल्या. एक करडू बद्रीनाथच्या पँटवरचा चुना हुंगून मागे सरकलं.

"हाताला काय झालंय?" वहिनींनी विचारलं.

भिवराबाईने तळवे उघडे केले. बोटांच्या पेरांना भेगा पडून रक्त सुकलेलं होतं. "चुना खातो हात. रामेश्वरभाऊ आतून राख-चुना कालवून द्यायचे, आमी मातीत मिसळायचा. वरीसभर ह्येच. रातच्याला तेल चोळायचं अन् सकाळी पुन्यांदा तेच."

"औषध घेतलं का कधी?"

"कशाचं औषध! मधी आपसूक बरे झालते. येडाईच्या जत्रंला ह्यांनी मला बांगड्या भरल्या, हिरव्यागार. कासार हात दाबून-दाबून चढवत हुता, तरी दुखलं न्हाई बघा. लई मऊ हात झालते. मंग बाकीच्या घरांच्या पायऱ्यांच्या इटा सुरू झाल्या अन् पुन्यांदा फुटले." तिने ओकीबोकी मनगटं पदराखाली घेतली.

बद्रीनाथने मान फिरवली.

"जत्रेच्या वेळी कुठल्या घराच्या विटा पाडत होता?"

"गीताबाईच्याच. कावून?"

"सहज," विजयमालाबाई म्हणाल्या, आणि उठताना त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. भिवराबाईने तो झटकला.

जीपजवळ सुकन्या वाट बघत होती. तिचा आवाज आता खाली आला होता.

"बाई, एक विचारू? समजा रविराजने केलं नसेल. तरी तो माणूस कोण आहे बघा ना. भट्टीवर उचल देऊन माणसं डांबून ठेवतो. तो आत गेला तर कुणाचं नुकसान होणार आहे? आणि तुम्ही भिंतीलाच दोष दिलात, तर ही अकराही घरं पाडतील. ती माणसं परत उसाच्या फडात, पालाखाली झोपतील."

"म्हणजे न केलेल्या खुनासाठी त्याने आत जावं?"

सुकन्या अकरा घरांच्या ओळीकडे बघत राहिली.

"उद्या सकाळी सगळ्यांना इथे बोलवा," विजयमालाबाई म्हणाल्या. "फौजदारांनाही. भावजी, आपल्याला दोन घमेली लागतील, आणि दोन विटा. एक ढिगातली शाबूत बघून, आणि एक अकराव्या घराच्या मागे उरलेली. कोणती कुठली, ते विसरू नका."

परतीच्या वाटेवर बद्रीनाथ म्हणाला, "मला अजूनही रविराजच वाटतो."

"मला माहीत आहे," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

*

सकाळी बाभळीखाली सगळा गाव जमला. रविराज जरा दूर आपल्या मोटरसायकलवर बसला होता, आणि त्याच्याकडे बघणाऱ्या नजरांत दया-माया नव्हती. "खुनी हाय बे तू!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. फौजदारांनी काठी आपटली.

विजयमालाबाईंनी दोन्ही घमेली पाण्याने भरायला लावली. बद्रीनाथने डाव्या घमेल्यात ढिगातली वीट ठेवली, उजव्यात अकराव्या घराची. बुडबुडे आले.

"तिकडे आत्ता बघू नका," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे बघा. फौजदारसाहेब, तुमचं म्हणणं, टँकरने भिंतीच्या पायात पाणी सोडलं. बरोबर?"

"बरोबर."

"सटवाच्या शेळ्या त्याच भिंतीला बांधलेल्या असायच्या. तिथल्या लेंड्या बघा. वाळून टणक आहेत, जिथल्या तिथे आहेत. लेंडीवर पाणी पडलं की ती फुगते, तिचा चिखल होतो, आणि टँकरचा लोंढा आला असता तर ती वाहून गेली असती. बाहेरून भिंतीवर पेलाभर पाणीसुद्धा पडलेलं नाही. आमचे भावजी त्या लेंड्यांवर घसरले, पण त्यांना ते कळलं नाही."

लोक हसले नाहीत. बद्रीनाथचे कान तापले.

"पण भिंत भिजली होती, हे खरं. पाणी वरून आलं. आश्रुबांनी स्लॅबवर आळी बांधून पाणी ठेवलं होतं. ते कोपऱ्यातल्या विजेच्या नळीतून भिंतीच्या पोटात झिरपत राहिलं. नळी अजून आतून ओली आहे. भिंत आतून मऊ होत होती, तोवर स्लॅबचा भार टेकूंवर होता. आदल्या दिवशी टेकू काढले. सगळा भार भिंतीवर आला."

आश्रुबा दोन पावलं पुढे आला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "म्हंजी म्या मारला व्हय त्याला? बाई, जल्मभर असंच करत आलो मी!"

"तुम्ही स्लॅबला पाणी दिलंत. सगळेच देतात. त्याने भिंत पडायला नको होती. रामेश्वर स्वतःच म्हणाले, आमची वीट पाण्यात टाका, काही होत नाही. आता बघा."

सगळ्यांच्या माना वळल्या. उजव्या घमेल्यात वीट होती तशी होती, कडासुद्धा शाबूत. डाव्या घमेल्यात तिच्या जागी गाळाचा उंचवटा होता.

गर्दीतून आवाज निघाला तो रागाचा होता, पण कुणावर रागवायचं हे अजून ठरलेलं नव्हतं.

"दोन्ही विटा एकाच यंत्रातल्या. मग फरक कशात? चुन्यात. बाराव्या घराच्या विटांत चुनाच नाही. कोणी चोरला म्हणावं, तर चोरलेला चुना गोदामात राहत नाही. इथे विटांचं काम संपलंय, गिलाव्याला चार पोती पुरतील, आणि गोदामात पोती पत्र्याला टेकलीत. म्हणजे चुना कुणाला नको होता, विटेत तो नसणं हवं होतं." त्या भिवराबाईकडे वळल्या. "भिवराबाई वर्षभर चुन्यात हात घालत होत्या. त्यांचे हात वर्षात एकदाच बरे झाले. जत्रेच्या सुमारास, गीताबाईंच्या घराच्या विटा पाडताना. त्या वेळी आतून कालवून आलेली नुसती राख होती."

भिवराबाईने तोंडावर पदर धरला. तिला आत्ता कळत होतं.

"पण चुना काढून कुनाचा काय फायदा?" रविराज ओरडला.

"आकड्याचा. चुना भाजून होतो, तो धुराच्या बेरजेत जड जातो, हे सुकन्याबाईंनी मला कालच सांगितलं. गीताबाईंच्या स्लॅबने सिमेंट आणि लोखंड आणलं, बेरीज मर्यादेच्या वर गेली. एका घराची गेली की सगळ्यांचा निधी जाणार. ती कुठेतरी खाली आणायलाच हवी होती. रामेश्वर मला म्हणाले, खडी जवळून आणली, डिझेल वाचलं. पण खडी पहिल्या घरापासून याच खाणीची आहे. मग वाचलं काय? गोदामाची किल्ली त्यांच्या खिशात. राख आणि चुना कालवणारे तेच. दुसऱ्या कुणाला हे करता आलं नसतं, आणि आकडा बसवायचं कामही त्यांचंच होतं."

रामेश्वर उभा होता तिथेच खाली बसला. पळायचा प्रयत्नसुद्धा त्याने केला नाही.

"आत्ता उन्हाळा आहे," तो हळू म्हणाला. "मला वाटलं, प्लास्टर होईपर्यंत भिंत कोरडीच राहील. नंतर बाहेरून चुन्याचा गिलावा दिला असता, तेवढा आकड्यात बसत होता. स्लॅबला पाणी ठेवतात, हे मला काय माहीत नव्हतं? रोज बघतोय. पण ते पाणी मी भिंतीशी जोडलंच नाही. मी फक्त बेरीज बघत होतो." त्याने सुकन्याकडे पाहिलं. "तुम्ही म्हणाला होतात ना, कसाही बसव."

"मी असं सांगितलं नव्हतं," सुकन्या म्हणाली.

"मी विचारलंही नव्हतं. आणि तुम्हीही विचारलं नाही, कसा बसला म्हणून."

सुकन्याने ढिगाऱ्याकडे पाहिलं. बद्रीनाथला तिचा राग आला आणि कीवही आली, दोन्ही एकदमच.

*

फौजदारांनी रामेश्वरला आपल्या जीपमध्ये बसवलं. रविराज मोटरसायकलवरून उतरून चौफेर बघत होता. कालपर्यंत खाली गेलेली मान आता वर आली होती.

"ऐकलं का रे समद्यांनी? म्या न्हाई पाडली! मातीनं माणूस मारला. आता ही अकराबी पाडा. म्या सांगतच हुतो. भाजली इट ती भाजली इट!"

आणि लोक हलले. ज्यांनी मघाशी त्याला शिव्या दिल्या, तेच आता माना डोलवत होते. एकाने आपल्या बायकोला घरातली भांडी बाहेर काढायला सांगितलं. विजयमालाबाई उजव्या घमेल्याकडे बोट दाखवत काहीतरी म्हणाल्या, ते कुणी ऐकलं नाही. रविराज सुटला होता, आणि त्याला सोडवणाऱ्या बाईकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

तेवढ्यात भिवराबाई उठली आणि सरळ सुकन्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बाकीच्या भिंती चांगल्या हायेत म्हनतीस?"

"हो. त्यांच्यात चुना आहे. मी शब्द देते."

"शबूद नगं. तू आत बस. भिंतीला पाठ लावून. आश्रुबा वरून पाणी सोडंल, हौद रिकामा हुईस्तवर."

"भिवरा, उन्हाळ्याचं पाणी..." कुणीतरी म्हणालं.

"गप बस. माझा मालक त्या भिंतीखाली गेलाय."

फौजदार पुढे सरकले, विजयमालाबाईंनी त्यांना हाताने थांबवलं. सुकन्याने चपला काढल्या, पहिल्या घराचा उंबरा ओलांडला, आणि आतून भिंतीला पाठ लावून ती खाली बसली. दारातून तिचे पाय तेवढे दिसत होते. ते बाहेर आले नाहीत.

आश्रुबाने पाइप भिंतीच्या माथ्यावर धरला. पाणी भिंतीवरून ओघळलं, दगडी जोत्यावर आलं, मातीत जिरलं. बाया हातातली भांडी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. बद्रीनाथ भिंतीकडे बघत होता. कुठे तडा जातोय का, एवढंच तो शोधत होता. मोटर गुरगुरत राहिली, मग खरखरली, मग पाइपातून नुसती हवा आली.

भिंत काळपट ओली झाली होती आणि जागच्या जागी होती.

भिवराबाई जवळ गेली. तिने भिंतीवर मूठ हाणली, नखाने खरवडून पाहिलं, मग दारातून आत वाकली. सुकन्या गुडघ्यांत तोंड खुपसून रडत होती.

"ऊठ," भिवराबाई म्हणाली. "अजून धा घरं ऱ्हायलीत."

मग ती मागे वळली आणि रविराजला म्हणाली, "बघतोस काय बे? हौद भर."